नवसाचा गंबो

मी बिडाचा हंडा बोलतोय. काळा, जाड बुडाचा, दोन कानांचा. अमेरिकेतल्या लुइझियानात, बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या ओढ्याच्या, संथ पाण्याकाठी एक लहान गाव आहे, तिथे ओडील ब्रो हिच्या स्वयंपाकघरात माझा मुक्काम असतो. मी वादळं पाहिली आहेत. पुराचं पाणी शेगडीला टेकलेलं पाहिलं आहे. पण गेल्या महिन्यात सकल संतांच्या सणाला जे ऐकलं, त्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. तापलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं आणि मी झालो. ओडीलच्या आईला लग्नात आहेर म्हणून मिळालो, ओडीलच्या लग्नात तिच्याबरोबर पाठवणीला निघालो. पहिल्या दिवसापासून घरात एक नियम होता: मला साबण लावायचा नाही. गरम पाणी, फडकं, वरून तेलाचा हात. वर्षानुवर्षांच्या तेलाने माझ्या पोटाला जी काळी चकाकी आली होती, ती ओडील येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, जशी एखादी बाई आपल्या लेकीचे केस दाखवते.

माझं काम एकच, गंबो. हे आमच्याकडचं भातावर घ्यायचं दाट कालवण. कोंबडी, सॉसेज, कांदा, भोपळी मिरची हे सगळं नंतर येतं. खरा जीव रूमध्ये. रू म्हणजे तेलात भाजलेला मैदा. मंद आचेवर एकसारखं ढवळत तो पांढऱ्याचा बदामी आणि बदामीचा तपकिरी करत न्यायचा. एक क्षण हात थांबला की करपला. आमच्या गावात घड्याळ लावून कुणी रू करत नाही. रोझरीची, म्हणजे मरियेच्या जपाची, माळ धरायची. माळ पुरी झाली की रू झाला.

ओडीलचा तर नवसच होता. तिचा नवरा युलिस कोळंबीच्या बोटीवर असायचा. एका वर्षी वादळात बोट सापडली आणि तीन दिवस काही कळलं नाही. ओडील माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "माते मरिये, त्याला आण. दर वर्षी सकल संतांच्या सणाला हंडाभर गंबो घालीन. माझ्या हाताने ढवळीन, अखंड माळेवर." चौथ्या दिवशी सण होता. गावकरी स्मशानात आपापल्या माणसांच्या थडग्यांना चुना लावत होते, आणि युलिस ओल्या बुटांनी फाटकातून आत आला.

तेव्हापासून दर वर्षी सकाळी थडग्यांना चुना आणि दुपारी चर्चच्या सभागृहात गंबो. पाचसहा बायका हंडे आणायच्या, पण रांग लागायची ती माझ्यापुढे. पुढे युलिस म्हातारपणी शांतपणे गेला. आता त्याच्याही थडग्याला चुना लागतो. नवस चालूच राहिला.

आमच्या गावाला गंबोचा फार अभिमान. पुलापलीकडची एलमीर कॉर्मिए गंबोत टोमॅटो घालते. एवढ्यावरून ओडील तिच्याशी वीस वर्षं बोलली नव्हती. नाताळात मात्र अंजिराच्या मुरंब्याची बाटली न चुकता पाठवायची. बोलणं बंद ठेवता येतं, मुरंबा बंद केला तर लोक नावं ठेवतील.

अशा घरात सून आली दूर उत्तरेकडच्या सिनसिनाटी शहराची. ग्रेचेन तिचं नाव. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्यात खिमा शिजवला, टोमॅटो घालून, दालचिनी घालून. तो स्पॅगेटीवर ओतला आणि वर किसलेल्या चीजचा डोंगर रचला. मी हादरलो. जेवणं झाल्यावर तिने मला साबणाने घासलं. माझी आयुष्यभराची चकाकी फेसाबरोबर मोरीत जाताना मी पाहिली.

ओडील दारात उभी होती. आवाज चढवण्याची तिला सवय नाही.

"मिस ओडील, आमच्याकडे ह्याच्यासाठी रांगा लागतात हो," ग्रेचेन म्हणाली.

"लागत असतील, शा. लोक दाताच्या डॉक्टरकडेही रांगा लावतात."

शा हा आमच्याकडचा लाडाचा शब्द. त्या दिवशी त्यात लाड कमी होता. नंतर ओडीलने महिनाभर रोज तेल लावून मला पुन्हा माणसात आणलं.

हे मोठं संकट होतं असं मी तेव्हा समजत होतो.

तीन वर्षांपूर्वी सणाच्या सकाळी रू ढवळताना ओडीलचं मनगट धरलं. संधिवात आधीपासून होताच. माळेचं तिसरं दशक, म्हणजे तिसरे दहा मणी, चालू होतं. पळी हातातून सुटली. तिने डाव्या हाताने उचलेपर्यंत रूमध्ये काळे ठिपके आले. ओतून दिला. पुन्हा मैदा घेतला, पुन्हा तेच. मग ती स्टुलावर बसली. थोड्या वेळाने पाकीट घेऊन बाहेर गेली आणि आली तेव्हा हातात कागदात गुंडाळलेली बाटली होती. दुकानातली. तयार रूची.

तो गार, घट्ट गोळा माझ्या बुडावर पडला तेव्हा माझा विश्वास बसेना. ओडील, जी दुकानातल्या त्या फळीसमोरून मान वळवून जायची, ती चमच्याने बाटली खरवडत होती. आणि तोंडाने "नमो मरिया" चालू होतं, कारण माळ सोडवत नव्हती.

खरा धक्का तर दुपारी बसला. फादर गिड्री दुसऱ्यांदा वाडगा भरून घेताना म्हणाले, "मिस ओडील, असा रू जमायला जन्म जावा लागतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या गावाला रंगावरून रू कुणाच्या घरचा ते सांगता येतं म्हणे, त्या गावाला काही कळलं नाही. ओडीलने त्या दिवशी गंबोला तोंड लावलं नाही.

पुढच्या रविवारपासून तिने चर्चमधल्या मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेणं सोडलं; मनावर पाप असताना तो घेत नाहीत. सगळे वेदीकडे जायचे, ही बाकावर बसून राहायची. गुडघे दुखतात म्हणायची. हे मला कळायचं ते घरातल्या बोलण्यावरून. पुढच्या वर्षी बाटली. त्याच्याही पुढच्या वर्षी बाटली. रिकाम्या बाटल्या टाकून द्यायला हव्या होत्या, पण चांगली काचेची बाटली कचऱ्यात टाकणं तिच्या हाताला माहीतच नाही. लेबल काढून, धुऊन, तिने त्यांत अंजिराचा मुरंबा भरला.

या वर्षी सणाच्या सकाळी ग्रेचेन चुन्याची बादली न्यायला आली आणि थेट स्वयंपाकघरात शिरली. बाटली ओडीलच्या हातात होती.



"दार वाजवत जा," ओडील म्हणाली.

"मी कुणाला सांगणार नाही."

"तू सांगशील ह्याची भीती नाही मला. जिला नवस बोलले, तिला सगळं दिसतंय."

ग्रेचेन बादली खाली ठेवून म्हणाली, "म्हणून बाकावर बसून राहता होय. तरीच. गुडघे दुखणारी बाई अंजिराच्या झाडाला शिडी लावत नाही."

ओडीलला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. "चाळीस वर्षं ह्या हाताचं कौतुक ऐकलं. आता हात नाही, कौतुक तेवढं चालू आहे. ते घशाखाली उतरत नाही, शा."

"मग सांगून टाका."

"ह्या गावात? त्यापेक्षा युलिसच्या बोटीवर बसून वादळात जाईन."

पण दुपारी सभागृहात ग्रेचेनने मला टेबलावर ठेवलं, रांग लागली, आणि ओडीलने झाकणावर हात दाबून धरला.

"वाढायच्या आधी एक सांगायचं आहे," ती म्हणाली. "ह्यातला रू मी केलेला नाही. बाटलीतला आहे. गेल्या वर्षीचाही, आणि त्याच्या आधीच्या दोन वर्षांचाही. नवस माझा होता, तो मी मोडला. कुणाला खायचं नसेल तर पलीकडे हंडे आहेत."

कुणाच्या तरी हातातला वाडगा टेबलावर टेकल्याचा आवाज मी ऐकला. मला वाटलं, संपलं. आता मी परत ह्या टेबलावर येत नाही.

रांगेत मागे एलमीर काठी टेकून उभी होती. वीस वर्षांत पहिल्यांदा ती ओडीलशी बोलली.

"अंजिराच्या बाटलीवरूनच कळलं होतं मला. लेबल काढलंस, झाकण तेच ठेवलंस."

"झाकणावरून तुला कसं कळलं?"

"माझ्याकडे तसली सहा आहेत."

मी अक्षरशः गार पडलो. आणि पाहतो तो टेबलामागच्या बाकीच्या बायका एकेक करून आपापल्या हंड्यांकडे बघू लागलेल्या. एकीने रुमाल काढून उगाच हंड्याचा कान पुसला. दुसरी पुटपुटली, "मी त्यात कांदा मात्र घरचा परतते." फादर गिड्री वाडग्यात बघत राहिले, मग म्हणाले, "माझी आई रू करताना आचेला वारा नको म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. आता समजलं."

हसायला सुरुवात कुणी केली ते कळलं नाही. पण ओडील हसली नाही. तिने विचारलं, "फादर, मोडलेल्या नवसाचं काय?"

ते काही बोलायच्या आत ग्रेचेन म्हणाली, "नवसात 'माझ्या हाताने' होतं ना? मरिया मातेला विचारा, घरातला हात चालतो का."

ओडीलने झाकण काढलं आणि पहिला वाडगा एलमीरला भरून दिला. रविवारी ती वेदीकडे गेली. ग्रेचेनचा दंड धरून, पण गेली.

काल सकाळी मी पुन्हा शेगडीवर होतो. पळी ग्रेचेनच्या हातात, माळ ओडीलच्या. "थांबू नकोस. कडेचं ओढ. नमो मरिया. अगं, कडेचं." पहिला करपला. दुसरा करपला. तिसऱ्या वेळी माळेचा शेवटचा मणी आला आणि माझ्या पोटात तोच जुना तपकिरी रंग उतरला. ओडील वाकून बघत राहिली. मग तिने सुनेच्या मनगटावरचं पीठ ॲप्रनच्या टोकाने पुसलं.

मी आता म्हातारा झालो आहे, पण बूड शाबूत आहे. माझी विनंती एवढीच की मला साबण लावू नका, आणि ज्यांचे हात थकले त्यांच्या बाटल्यांची झाकणं मोजू नका. पुढच्या सकल संतांच्या सणाला मी टेबलावर असेन.

"मिस ओडील," पळी न थांबवता ग्रेचेनने हळूच विचारलं, "ह्यात एक छोटासा टोमॅटो?"

ओडीलने माळ पुन्हा पहिल्या मण्याला धरली आणि "नमो मरिया" जरा मोठ्याने सुरू केलं.