चांदनीच्या गुडघ्यातला स्पंज

सकाळचा पेपर उघडला आणि डॉक्टर पंचशीलाच्या पोटात दुखायला लागलं. फोटोत चांदनी घोडीच्या गळ्यात हात टाकून डॉक्टर वल्लरी हसत उभी होती. परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी घोडीच्या गुडघ्यात नवी कूर्चा उगवायला लावली म्हणे!

उगवायला लावली म्हणजे काय, तर झिजलेल्या सांध्यात बारीक भोकांचा एक स्पंज बसवायचा. शरीरातल्या पेशी त्यात बिऱ्हाड करतात, कूर्चा म्हणजे हाडांमधली मऊ गादी बनवतात, आणि स्पंज हळूहळू विरघळतो. तो बसवला वल्लरीनं, एका सकाळी. पण बनवला होता पंचशीलानं, लालबागेमागच्या या दवाखान्यात दोन वर्षं डोळे फोडून. आणि पेपरात तिचं नावसुद्धा नव्हतं.

चांदनी बाबूरावांची. मिल बंद पडली तेव्हा त्यांनी ही वरातीची घोडी घेतली, आणि सगळं घर तिच्यावर चालायला लागलं. आता कूर्चा कोवळी होती. घोडीनं काही आठवडे दवाखान्याच्या अंगणात नुसतं उभं राहायचं, एवढंच पथ्य होतं.

त्याच दुपारी बाबूराव पंचशीलाकडे आले.

"म्याडमजी, एक बात राहूनच गेली. बँड ऐकला ना की चांदनी नाचते. सीधी मागच्या पायांवर खडी होते. कल से शादियां सुरू, आणि बाराती इथूनच जातात. वल्लरी म्याडमना सांगून द्या, हिला दुसरीकडे बांधा म्हणावं."

"सांगते ना, काका."

सांगायला ती गेलीही. वल्लरी फोनवर कुणालातरी तेच ऑपरेशन रंगवून सांगत होती. पंचशीला दारातूनच परतली. हिनं शर्यतीचे घोडे पाहिलेत, वरातीत नाचणारे कुठून पाहणार? एवढी हुशार आहे ना, मग कळू दे तिचं तिला! असं म्हणताना तिला चक्क बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रस्त्यावर ढोल आणि पिपाण्या वाजल्या, तशी पंचशीला हातातलं टाकून धावली. तोवर चांदनी दोनदा मागच्या पायांवर उभी राहून खाली आली होती. तिसऱ्यांदा आली ती उठलीच नाही.

दवाखान्याचे मालक नानासाहेब भडकले. "स्पंजच कच्चा होता! बंद करा हे खूळ."

"स्पंज चांगला होता, सर," वल्लरी म्हणाली. "बसवताना माझा हात चुकला असेल."

हा मोठेपणासुद्धा हिलाच जमावा! पंचशीलाचा आधी जळफळाट झाला, मग स्वतःचीच किळस आली. घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले बाबूराव पंचशीलाकडे पाहत होते.

"काकांनी मला काल सांगितलं होतं, बँडवर ही नाचते म्हणून," ती म्हणाली. "मी वल्लरीला बोलले नाही. जळत होते मी तिच्यावर."

वल्लरी मान खाली घालून घोडीजवळ बसली. बाबूरावांनी विचारलं, "दुसरा स्पंज बसेल ना हिला?"

वल्लरीनं पंचशीलाकडे पाहिलं. नानासाहेबांनीही पाहिलं. स्पंजाचं तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

पंचशीलानं वाकून गुडघा चाचपला. स्पंज ज्यावर बसायचा, ते खालचं हाडच फुटलं होतं.

"नाही, काका," ती म्हणाली.