चार पेल्यांचा एक पेला

बाजारामागच्या गल्लीत, जिन्याखाली तिचं दुकान. दुकान कसलं, तीन फळ्या, एक तराजू आणि एक स्टोव्ह. फळ्यांवरच्या डब्यांत वाळलेले सराटे, पुनर्नव्याची मुळं, मक्याच्या कणसांचे तांबूस केस. गल्ली तिला काढेवाली म्हणायची आणि ती ते नाव दागिन्यासारखं मिरवायची. मुतखड्यानं कण्हत आलेला माणूस आठवड्याभरात हसत परत यायचा आणि पडलेला खडा कागदाच्या पुडीतून दाखवायचा, लेकराचा पडलेला दात दाखवावा तसा.

काढ्याची रीत आईची. चार पेले पाण्यात मूठभर मुळं टाकायची, मंद आचेवर आटवायची आणि आटेस्तोवर गुणगुणायचं:

एक पेला आगीला, एक पेला वाऱ्याला,
एक पेला भांड्याला, उरला तो दुखऱ्याला.

तिन्ही पेले उडून गेले की तळाशी राहील ते औषध. त्याला पाणी म्हणणाऱ्याला आईनं दुकानाची पायरी चढू दिली नसती.

तिचा धाकटा भाऊ बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. गेल्या वर्षी मास्तरच्या पायांत बूट जाईनात. "तासन् तास उभा राहतोस, पाय सुजणार नाहीत तर काय होईल?" असं म्हणून तिनं काढा सुरू केला. पहिल्या महिन्यात सूज उतरली. बहीण खूश, भाऊ खूश. मग सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगवटा दिसू लागला. तिनं मुळं वाढवली. पाचव्या महिन्यात एका कार्यक्रमात ऐन सुरावर त्याचा श्वास तुटला, तो पुन्हा जुळलाच नाही. त्याला तिथूनच इस्पितळात नेलं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिसचं मशीन. आधी वजनकाटा, मग सुया, मग चार तास छताकडे बघणं. दिवसाला पाणी सहाशे मिली, थेंबही जास्त नाही. पाला, मुळ्या, चूर्णं सगळं बंद.

भावजय शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती, मापाची पक्की. तिनं मोजपात्रानं मोजून एका बाटलीवर रेघा आखल्या. सकाळी बाटली भरायची, त्यात दिवस काढायचा. नळाच्या चावीला ती बारीक दोरा बांधून कामावर जायची, परतली की आधी दोरा तुटलाय का बघायची.

"चोराला घरात ठेवलंय मी," ती म्हणायची.

"चोर कसला, चिमणी आहे मी," मास्तर हसायचा. "आंघोळीच्या थेंबात चोच बुडवतो, झालं."

आणि ती शाळेत गेली की काढेवाली पिशवीत थर्मास घेऊन यायची. सकाळी एक पेला, दुपारी एक पेला. मोठमोठी मशीनं लावणाऱ्यांना मुळांतलं काय कळतंय, असं तिचं म्हणणं. आईच्या हातानं एवढी माणसं उठली, मग पाठचा भाऊ का नाही उठणार? तो पेला दोन्ही हातांत धरून हळूहळू प्यायचा, तळ बोटानं पुसून बोट चाटायचा. ते बघून तिला भरून यायचं. वाटायचं, किती विश्वास याचा.

इस्पितळात मात्र दर खेपेला काट्यावर वजन जास्त भरायचं. फुप्फुसांत पाणी साचायचं, रात्री त्याला बसून झोपावं लागायचं. भावजय दोऱ्याकडे बघायची, बाटलीकडे बघायची, नवऱ्याकडे बघायची. तो मान खाली घालायचा. शिव्या खायचा, पण बहिणीचं नाव काढायचा नाही.

एका बुधवारी दुपारी भावजय थेट दुकानात आली. शाळेचा ॲप्रन अंगावर तसाच.

"वन्सं, माझं मूत्रपिंड त्याला जुळलं."

काढेवालीनं तराजू खाली ठेवला. "काय सांगतेस!"

"जुळलं, पण डॉक्टर देऊ देत नाहीत. म्हणतात, पाण्याचं पथ्य ज्याला पाळता येत नाही, तो पुढे जन्मभर गोळ्या वेळेवर काय घेणार? मिळालेलं मूत्रपिंड घालवून बसेल. उद्या शेवटचं सांगणार आहेत." तिनं ॲप्रनच्या टोकानं तोंड पुसलं. "मी पोट फाडून घ्यायला तयार आहे हो, आणि हा बाबा दोन घोट सोडायला तयार नाही. तुमचं ऐकतो तो. तुम्ही तरी सांगा."

स्टोव्हवर दुपारचा काढा आटत होता. काढेवालीनं त्याच्याकडे पाहिलं, मग भावजयीकडे.

"औषध काही पाण्यात धरत नाहीत ना गं?"

भावजयीनं वळून स्टोव्हकडे पाहिलं. मग एकेक शब्द ठेवत म्हणाली, "कसलं औषध?"

आता काय लपणार? काढेवालीनं सांगून टाकलं. भावजयीनं आरडाओरडा केला नाही. फळीवरचा पेला उचलून तिनं उजेडात धरला.

"हाच पेला? दोनदा? म्हणजे रोजचे चारशे मिली."

"अगं पण चार पेल्यांचा आटवून एक करते मी. तीन तर वाफ होऊन जातात..."

"आणि एक उरतो ना, वन्सं?"

काढेवालीनं स्टोव्ह बंद केला. चाळीस वर्षं तिनं उडालेले पेले मोजले होते. उरलेला एक तिच्या हिशेबात कधी आलाच नव्हता.

गुरुवारी ती स्वतःहून डॉक्टरांपुढे जाऊन बसली. मुळांची पुडी टेबलावर ठेवून म्हणाली, "दोष त्याचा नाही. मी पाजत होते."

"कधीपासून?"

इथं खोटं बोलता आलं असतं. "पाय सुजले तेव्हापासून. इथं आणायच्या आधी पाच महिने."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "सूज उतरायची, म्हणून तुम्हाला वाटलं बरा होतोय."

"हो."

"खड्याला तुमचा काढा लागू पडत असेलही. पण खडा वेगळा आणि थकलेलं मूत्रपिंड वेगळं. या मुळांतला क्षार त्याला बाहेर टाकता येत नाही. तो रक्तात साचला तर हृदय बंद पडतं."

"पाच महिने आधी आणला असता तर?"

त्यांनी पुडी बाजूला सरकवली. "मूत्रपिंडं वाचलीच असती असं नाही म्हणत. काही वर्षं मिळाली असती कदाचित."

मग त्यांनी निर्णय सांगितला. तीन महिने वजन बघू. काट्यावर नीट राहिला आणि तोवर हृदयानं साथ दिली, तर शस्त्रक्रिया. भावजयीनं तारीख लिहून घेतली. नणंदेकडे बघितलं नाही.

मास्तर आत मशीनला जोडलेला होता. नळीतून त्याचं रक्त बाहेर जात होतं, दुसऱ्या नळीतून परत येत होतं. बहीण उशाशी उभी राहिली.

"मीच मारलं रे तुला. माझ्यावर भरवसा ठेवलास आणि..."

"ताई," तो म्हणाला, "काढ्यावरचा भरवसा इथं आलो त्या दिवशीच संपला होता."

"मग पीत का होतास?"

त्यानं कोरड्या ओठांवरून कोरडी जीभ फिरवली. "तहान लागायची गं. दिवसभर नुसती तहान. तुझा थर्मास दिसला की वाटायचं, आली बाई. औषध म्हणून दिलंस तर औषध. विष म्हणून दिलं असतंस तरी प्यायलो असतो, गार असतं तर जास्तच."

तो हसला. तिला हसता येईना. आंधळा का होईना, विश्वास होता असं तो म्हणाला असता, तर तेवढ्या आधारावर तिनं उरलेलं आयुष्य ढकललं असतं.

आठवड्यानं ती त्याच्या घरी गेली. मास्तर खिडकीशी बसला होता, ओठांना भेगा पडलेल्या. वजन दोन खेपा बरोबर भरलं होतं, पण आवाज खोल गेला होता. भावजयीनं दार उघडलं, "बसा," म्हणाली आणि आत गेली. रागातही घरची रीत सुटत नाही. बाहेर आली ती हातात पाण्याचा भरलेला पेला घेऊन. नणंदेच्या हातात दिला, आणि दिल्यावर तिच्याही लक्षात आलं.

मास्तर पेल्याकडे बघत होता. बघू नये म्हणून खिडकीकडे वळला, पुन्हा पेल्याकडे आला.

"पी की ताई," तो म्हणाला. "उन्हातून आलीस."

"नको रे. प्यायलेय येतानाच."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मोरीत पेला तिरका केला आणि धारेखाली आपला तळहात धरला, पडणाऱ्या पाण्याचा आवाज बाहेरच्या खोलीत जाऊ नये म्हणून. पाणी बोटांमधून निथळत राहिलं. पेला रिकामा व्हायला बराच वेळ लागला.