दोन बोटांनी दगडूकाका पाडले!

"पडले! अरे, दगडूकाका पडले!"

लालबागच्या चाळीच्या पटांगणात रविवारी सकाळी दीडशे माणसं जमली होती, आणि दीडशेच्या दीडशे एकदम ओरडली. ओरडणारच! दगडू परब म्हणजे गोविंदा पथकाच्या सगळ्यात खालच्या थरातला माणूस. वीस वर्षं त्यांच्या खांद्यांवर सात-सात थर चढले आणि उतरले, काका जागचे हलले नाहीत. आता साठी उलटल्यावर ते पोरांना शिकवत होते. अशा माणसाला डॉक्टर अवधूतजींनी नुसत्या दोन बोटांनी कलंडवलं होतं.

अवधूतजी कसले डॉक्टर, हे कुणी विचारलं नव्हतं. पांढराशुभ्र कुर्ता, कानाला माइक आणि तोंडात खडीसाखर.

"काकांचा दोष नाही, मित्रांनो! काकांचं मन जगाला खरं मानतं, म्हणून पडतं. पण क्वांटम फिजिक्स काय सांगतं? अणू आतून रिकामा! तुम्ही रिकामे, मी रिकामा, ही फरशी रिकामी. बघणारा बघतो म्हणून जग आहे. नाही बघितलं तर? नाहीच! सगळा भ्रम! काका, आता हा क्वांटम पट्टा मनगटात घाला आणि म्हणा, 'वजन हा भ्रम आहे.'"

काकांनी पट्टा घातला, पाय जुळवले, उजवा हात पुन्हा आडवा पसरला आणि लाजत लाजत वजन भ्रम असल्याचं जाहीर केलं. अवधूतजींनी त्या हातावर आख्खं अंग टाकलं. काका ढिम्म!

मग काय विचारता! शिट्ट्या काय, टाळ्या काय. पथकाचा अध्यक्ष हितेंद्र तर इतका भारावला, की त्याने माइक घेऊन तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "यंदा गोकुळाष्टमीला आपण आठ थर लावणार, आणि तेही दोरी न बांधता! सर म्हणतात, कमरेला दोरी आली की मनात पडण्याचा विचार येतो, आणि विचार आला की तेच घडतं. दोरी नाही, हेल्मेट नाही. प्रत्येकाला पट्टा!"

काकांची नजर वर गेली. आठव्या थरावर चढणार होती त्यांची नात श्रेया, पंधरा वर्षांची. चार मजल्यांची उंची, आणि खाली फरशी.

श्रेया मात्र खूश. घरी येताच म्हणाली, "बरं झालं आजोबा! ती मेली दोरी कमरेत रुतते."

"गप बस गो!" काका खेकसले. पण पुढे काय बोलणार? चारचौघांसमोर तेच पडले होते, आणि पट्टा घातल्यावर तेच उभे राहिले होते. स्वतःच्या अंगावर आलेला अनुभव खोटा म्हणायचा तरी कसा?

चहा समोर निवत होता. काका पायांकडे बघत बसले. खालच्या थरातल्या माणसाला वरचं काही दिसत नाही, मान खाली असते. वर कोण हललं, कुणीकडे झुकलं, ते त्याच्या तळव्यांना कळतं. आणि तळवे काहीतरी सांगत होते. पहिल्या वेळी सगळा भार उजव्या पायाच्या करंगळीवर गेला होता. दुसऱ्या वेळी सरळ टाचांत.

"श्रेया, उठ. पाय जुळव, हात पसर."

काकांनी तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवून खाली आणि किंचित बाहेरच्या बाजूला दाबलं. पोर कलंडली. मग कोथिंबिरीच्या जुडीचा रबर तिच्या मनगटात अडकवला आणि कोपराजवळ, अंगाच्या दिशेने जोर लावला. श्रेया खांबासारखी उभी.

"अय्या! कोथिंबीरपण क्वांटम?"

काका पोट धरून हसले. पण हातचलाखी कळली तरी मोठ्या शब्दाची धास्ती होतीच. म्हणून ते शेजारच्या चाळीतल्या मनाली जाधवकडे गेले. मनाली परळच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि मुलींच्या पथकात दुसऱ्या थरावर उभी राहायची.

"पोरी, खरं सांग. क्वांटम म्हणतं काय, जग भ्रम आहे?"

"नाही हो काका. क्वांटम खरं आहे, आणि विचित्रही आहे. इलेक्ट्रॉनसारखे बारीक कण आपल्या दगडाविटांसारखे वागत नाहीत. त्याचा अर्थ काय लावायचा, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण त्यात 'बघणं' म्हणजे मनाने ठरवणं नव्हे. यंत्रात नोंद झाली की झालं. खोलीत माणूस नसला तरी प्रयोग तसाच होतो."

"आणि अणू रिकामा असतो तो?"

"तुमच्या खांद्यावर एकाच जागी दोन पोरं उभी राहतील का? नाही ना? तसेच दोन इलेक्ट्रॉन एका जागी एकाच अवस्थेत राहत नाहीत. हा क्वांटमचाच नियम. म्हणून फरशी घट्ट आहे, हात आरपार जात नाही. क्वांटममुळे जमीन खोटी ठरत नाही काका, क्वांटममुळेच ती लागते!"

"म्हणजे श्रेया पडली तर..."

"डोकं फुटेल," मनाली म्हणाली. आता ती हसत नव्हती.

पुढच्या रविवारी पट्टे घेऊन अवधूतजी हजर झाले, तेव्हा मनाली दहा एकसारख्या कापडी पिशव्या घेऊन उभी होती. काहींत सरांनी मागच्या खेपेला नमुन्यादाखल दिलेला एकेक पट्टा, काहींत तेवढ्याच वजनाचा सायकलच्या ट्यूबचा तुकडा. तोंडं शिवलेली.

"सर, एकेक पिशवी काकांच्या मनगटाला बांधू. आत काय आहे, ते तुम्हाला नाही कळणार आणि काकांनाही नाही. तुम्ही फक्त ढकला."

"विज्ञानाला असा संशय चालत नाही, ताई!"

"विज्ञानाला दुसरं काय चालतं?" मनालीने विचारलं, आणि गॅलरीतून हशा पिकला. मग अवधूतजी माघार घेणार कशी?

दहा वेळा ढकलून झालं. काका पाच वेळा कलंडले. पिशव्या उसवल्या, तर त्यातल्या तीन वेळा पट्टा आतच होता!

"इथे निगेटिव्ह फ्रिक्वेन्सी आहे," अवधूतजी घाम पुसत म्हणाले. "अविश्वासाने लहरी फाटतात."

"लहरी राहू द्या. हितेंद्र, तू ये इकडे," काका म्हणाले. त्यांनी अध्यक्षांच्या मनगटात कोथिंबिरीचा रबर अडकवून त्यांना एकदा पाडलं, एकदा उभं ठेवलं, आणि सगळ्यांना दाखवलं. "बाहेर दाबलं की माणूस जातो. आत दाबलं की भार पायात उतरतो. एवढंच रे बाबांनो! आपण रोज करतो ते, आणि आपणच फसलो. आता सर, तुम्ही पट्टा घाला आणि चढा बघू तिसऱ्या थरावर. दोरी न बांधता."

अवधूतजींनी वर बघितलं. "माझा जरा गुडघा..."

"गुडघा भ्रम आहे!" आख्खी चाळ ओरडली. पुढच्या पाच मिनिटांत सर पट्ट्यांच्या खोक्यासकट रस्त्याला लागले.

हितेंद्र मान खाली घालून उभा होता. मग तो गच्चीवर गेला आणि त्याने कप्पीवरून दोरी खाली सोडली. श्रेयाने तोंड वाकडं केलं, पण बेल्ट बांधला, हेल्मेट घातलं.

सराव सुरू झाला. पाच थर, सहा, सात. श्रेया वर पोचली, हात उंचावला, आणि नेमका तेव्हाच पाचव्या थरावर कुणाचा तरी पाय सरकला. मनोरा धाडकन कोसळला. खालची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. आणि वर, चार मजल्यांच्या उंचीवर, श्रेया दोरीला लटकत होती.

हळूहळू दोरी खाली आली. काकांनी नातीला पोटाशी धरलं आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. हितेंद्र पाणी घेऊन आला.

"काका, मी एवढा शिकलेला, आणि..."

"शिकलेला असशील रे. विचारलं नाहीस," काका डोळे पुसत म्हणाले. "देवाचं नाव घेऊन कुणी येवो, नाहीतर विज्ञानाचं. म्हणायचं, पिशवीचं तोंड शिवून करून दाखव. दाखवलं, तर मानू. त्यात लाज कसली? तो बोलून निघून जातो, बाबा. वर चढलेलं पोर आपलं असतं."