एक नंबर मोठा

मुरलीधर सरांनी बूट दोन्ही हातांत धरला आणि ओला पंचा पिळावा तसा पिळून पाहिला. बूट काही पिळला गेला नाही. मग त्यांनी घोट्याच्या जागी अंगठा दाबला. आत कडक वाटी होती, अंगठाच दुखला.

"सर, इसमें दम है," काउंटरपलीकडून शशिकांत म्हणाला. तो रांझी भागातल्या मराठी घरातला, पण दुकानात बसला की त्याची मराठी हिंदीला टेकूनच चालायची. "गाडी पायावर पडली तरी घोटा सलामत."

"गाडी पडायची गोष्ट कशाला काढता?"

"मग बूट काहून घेऊन राहिलो आपण, बाबा? देवघरात ठेवायला?" अवंती हसली. "भैया, हा सात आहे. यातलाच सहा द्या."

शशिकांतनं सरांकडे पाहिलं. सर भिंतीवरची हेल्मेटं मोजू लागले.

"छह तो, दीदी... संपला."

सर आदल्या दिवशी दुपारी एकटेच चेरीतालच्या घरून रिक्षा करून इथे येऊन गेले होते. या बुटाचा सहा नंबरचा एकच जोड उरलाय हे कळल्यावर त्यांनी आवाज खाली आणून शशिकांतला सांगितलं होतं, "उद्या माझी मुलगी येईल. सहा मागेल. नाही म्हणायचं." अवंतीला नागपुरात नोकरी लागली होती. रविवारी सकाळी तिला मोटरसायकलवरून निघायचं होतं, एकटीनं. नको म्हणायचं सरांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी अट घातली: पायात खरे बूट असल्याशिवाय नागपूरच्या वाटेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडायचा नाही. अट मान्य करून ती मोकळी झाली आणि सर अडकले. पस्तीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेतल्या पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवलं होतं. दुसऱ्याकडून बोलवून घेऊ नये असं काही धड्यात नव्हतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"नवा माल पंधरा दिवसांनी येईल," शशिकांत म्हणाला.

"मग बसनं जा," सर लगेच म्हणाले. फारच लगेच. त्यांनी चष्मा काढून पुसला. "गाडी मी पाठवीन मागून. रेल्वेनं जाते."

अवंती स्टुलावर बसून सात नंबरच्या बुटाकडे बघत होती.

"हाच द्या," ती म्हणाली. "आत दोन मोजे घालीन. सवय आहे मला."

"कशाची सवय?"

"मोठ्या जोड्याची. तुम्हीच लावली न."

ते खरं होतं. दर जूनमध्ये शाळेचा जोडा घ्यायला सर तिला घेऊन जात आणि दुकानदाराला बजावत, "एक नंबर मोठा द्या. वाढता पाय आहे." मग स्वतः वाकून पुढच्या टोकाला अंगठा दाबत. अंगठाभर जागा उरली की जोडा पास. उरलेल्या जागेत कापूस जायचा. कापूस निघेपर्यंत जोडा विटलेला असायचा आणि पुन्हा जून यायचा.

"नको दीदी," शशिकांत काउंटरबाहेर आला. त्याचा आवाज आता दुकानदाराचा राहिला नव्हता. "ढिला बूट सबसे खराब. पडलात तर बूट एकीकडे फिरतो, पाय दुसरीकडे. मी सात विकणार नाही तुम्हाला. आधी माप तर घेऊ."

"माप काय घ्यायचं? सहा आहे माझा. शाळेपासून सहा."

शशिकांतनं मापाची लाकडी पाटी जमिनीवर ठेवली. अवंतीनं कॅनव्हासचा जोडा काढला. आत एकावर एक दोन सुकतळे होते. सरांनी ते पाहिले आणि नजर बाजूला घेतली.

शशिकांतनं सरकपट्टी तिच्या अंगठ्याला टेकवली. पुन्हा मागे घेतली, पुन्हा टेकवली.

"पाँच है."

"हट. काहीतरीच."

"बघा न तुम्ही."

"सरका," सर म्हणाले. ते गुडघ्यावर बसले. बसताना एक हात अवंतीच्या गुडघ्यावर टेकवावा लागला. त्यांनी तिची टाच हलकेच मागे सरकवून कडेला भिडवली. डोळा खुणेच्या नेमका वर आणला. तिरकं बघितलं की माप चुकतं, हे त्यांनी किती पोरांना सांगितलं असेल! पट्टी पाचावर होती. दुसरा पाय घेतला. तोही पाच.

आठवीत की नववीत, केव्हातरी हा पाय वाढायचा थांबला होता. कुणालाच कळलं नव्हतं. पाय पाचावर थांबला आणि नंबर सहावर जाऊन बसला.

"बोलली काहून नाहीस कधी?" त्यांनी खालूनच विचारलं.

"काय बोलणार? मला वाटलं, जोडा असाच असतो."

सर पाटीजवळून उठले नाहीत. शशिकांत वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "सर, पाँच पडा है मेरे पास. क्या करूँ?"

इथं एक शब्द पुरला असता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. रविवारी अवंती बसच्या खिडकीशी बसली असती आणि स्टँडवर उभं राहून त्यांनी हात हलवला असता.

"आणा," सर म्हणाले.

पाच नंबर पायात गेला. आतली चेन वर गेली, पट्टा बसला. अवंती उभी राहिली, चार पावलं गेली, वळली, परत आली. सर कान देऊन ऐकत होते. तिच्या चालण्यात एक घासल्याचा आवाज असायचा. त्यावरून ती जिन्यात आहे की गच्चीत हे त्यांना घरात बसून कळायचं. त्या आवाजापायी त्यांनी तिला रागावूनही पाहिलं होतं, पाय उचलून चाल म्हणून. आज तो आवाज आला नाही.

"कसा आहे?"

"बाबा," ती खाली बघत म्हणाली, "हा तर धरून राहिला पायाला."

सरांचा अंगठा सवयीनं बुटाच्या टोकाकडे गेला. अर्ध्यावर थांबला आणि तोच हात त्यांनी पट्ट्यावरून फिरवला.

बाहेर गाडीवर बसल्यावर नवी अडचण निघाली. बुटाचं टोक जाड, ते गिअरच्या दांडीखाली शिरेना. शशिकांतनं पाना आणून दिला. सरांनी तो त्याच्या हातून घेतला, फुटपाथवर बसले आणि बोल्ट सैल करू लागले.

"बाबा, सोमवारी मी फोन केला तेव्हा यांच्याकडे सहा होता."

पाना घसरला. सरांनी तो पुन्हा बसवला. शशिकांत दुकानात निघून गेला.

"आत्ताही आहे," सर मान वर न करता म्हणाले. "मी ठेवून घ्यायला सांगितला होता. तू मागितलास तर नाही म्हणा म्हटलं."

अवंतीनं त्यांच्या पांढऱ्या टाळूकडे पाहिलं.

"माझा नंबर तरी नीट माहीत करून घ्यायचा होता, मास्तर."

सरांना हसू आलं, पण ते त्यांनी बोल्ट आवळण्यात घालवलं. दांडी आता एक खाच वर बसली होती.

"टाक बघू पहिला."

तिनं दांडी खाली दाबली. ते उठून गाडीमागे गेले आणि बंद गाडीत गिअर पडावा म्हणून दोन्ही हातांनी ती जराशी पुढे-मागे करू लागले.

"आता दुसरा. पंजा खालून. शिरतो का?"

"शिरतो."

"तिसरा."

खट्कन आवाज आला. मग चौथा आला. मग पाचवा. वर्षभर गाडी चालवणारी मुलगी एकेक गिअर सांगेल तसा टाकत होती.

"झाले, बाबा. सगळे पडले."

सरांनी मागचं कॅरियर सोडलं नाही.

"पुन्हा एकदा," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

अवंतीनं आरशात पाहिलं. मग सावकाश एकेक करत सगळे गिअर उतरवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.