उपरण्याखालचा हात

दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. घोडेगावच्या गुरांच्या बाजारात भिमाजी दर शुक्रवारी आपला वजीर बैल घेऊन यायचा, पण विकायचा कधीच नाही. बैलाचा भाव उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरतो, हे आपल्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. भिमाजी बोटांनी असा भाव सांगायचा की तेवढ्यात हत्ती आला असता, वर माहूत फुकट. गिऱ्हाईक हात झटकून चालतं व्हायचं. तरी तेवढा वेळ कुणीतरी हात धरलेला असायचा. बायको गेल्यापासून घरात ते सुख नव्हतं.

एका शुक्रवारी सहादेव नावाच्या परक्या माणसानं हात धरला, तो झटकलाच नाही.

"भाव ऱ्हाऊ दे दादा, चल, च्या घेऊ."

झाली दोस्ती. सहादेव वजीरच्या झुलीत चोरटी अफू शिवायचा आणि दोघं गप्पा मारत बैल नगरला न्यायचे. भिमाजीला सगळं कळत होतं, पण वाटेला सोबत होती. एकदा वजीरनं झूल चाटली आणि उभ्याउभ्या असा घोरला की इमामपूरच्या घाटात मोटारी थांबल्या. ड्रायव्हरांना वाटलं, समोरून ट्रक येतोय. खोटं वाटत असेल तर त्या ड्रायव्हरांना विचारा, सापडले तर.

मग एकदा सहादेव म्हणाला, "येत्या शुक्रवारी बाजारात येऊ नगंस."

"का रं?"

"अफूच्या पैशातनं आमच्या टोळीनं सुरुंगाची दारू घेतलीया. भर बाजारात उडवायची. सरकारला धडकी भरली पायजे."

"आरं, मान्सं मरतील की!"

"तुझं कोन हाय तिथं? मला तू एकटाच हायेस, म्हनून सांगितलं."

बाजारातल्या माणसांची नावं भिमाजीला फारशी येत नव्हती. हात मात्र ओळखीचे होते. दिलावर दलालाचा घट्टे पडलेला, तेल्याचा बुळबुळीत. तरी त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. सहादेव येणारच नाही, अशी आशा.

शुक्रवारी तो वजीरला घेऊन बाजारात गेलाच. सहादेवही आला. खांद्यावर पेंडीचं पोतं. भिमाजीनं उपरणं पसरून हात पुढं केला. चारचौघांत पुढं केलेला हात टाळला तर बाजार वळून बघतो. सहादेवनं पोतं खाली ठेवलं, हात उपरण्याखाली घातला, आणि भिमाजीनं तो आवळला.

"दिलावरभाई, पोत्यात सुरुंग हाय! फौजदाराला बोलवा!"

"दादा, सोड."

"न्हाई."

सहादेवनं दोन हिसके दिले. मग पोलीस येईपर्यंत हात तसाच राहू दिला.

भिमाजी माफीचा साक्षीदार झाला म्हणून सुटला. पुढं तो भाकरी बांधून नगरच्या तुरुंगावर भेटीला गेला. शिपायानं विचारलं, "कैदी तुमचा कोण?"

"भाऊ."

शिपाई आत जाऊन आला. "तो म्हणतो, मला भाऊच नाही."

"बरं," भिमाजी म्हणाला. फाटकासमोरच्या लिंबाखाली बसून त्यानं भाकरी सोडली, अर्धी खाल्ली, अर्धी तशीच बांधली, आणि घोडेगावची वाट धरली.