समोरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. खुर्ची म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे साहेबांची गोल फिरणारी, उंच पाठीची खुर्ची येईल. ती मी नव्हे. मी तिच्या समोरची. कर कचेरीत मोठ्या टेबलाच्या अलीकडे, जिथे काम घेऊन आलेली माणसं बसतात, तिथली साधी लाकडी खुर्ची. मला दोन हात आहेत, सरळ पाठ आहे, आणि पुढच्या दोन पायांना खाली दोन फिकट ठोकळे जोडलेले आहेत. माझी सगळी गोष्ट त्या ठोकळ्यांची आहे असं म्हटलं तरी चालेल.

मी जन्मले तेव्हा चारही पायांनी धड होते. ज्या सुताराने मला घडवलं त्याने माझ्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवून पाहिला होता. थेंबसुद्धा सांडला नाही. तो खूश झाला आणि माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाला, "जा बाई, सुखाने नांद."

पण सासर काही सुखाचं नव्हतं. तेव्हाच्या साहेबांनी मला पाहिलं आणि सुतारालाच परत बोलावलं.

"हिचे पुढचे पाय बोटभर कापा," ते म्हणाले.

"साहेब, बसणारा पुढे घसरेल."

"घसरू दे. बूड टेकलं की लोक उठायचं नाव घेत नाहीत."

सुताराने मान खाली घालून करवत चालवली. तेव्हापासून जो माझ्यावर बसे तो हळूच पुढे सरके, मग मागे रेटून बसे, पुन्हा सरके. बिचाऱ्याचं सगळं ध्यान स्वतःला सावरण्यात. बोलायला म्हणून जे मनात जुळवून आणलेलं असे, ते तोंडात यायच्या आधीच उठायची वेळ होई. एकदा बटणांचा छोटा कारखाना असलेले एक गृहस्थ आले. साहेबांनी त्यांच्या हाती चहाचा कप दिला. ते सरकले आणि चहा सदऱ्यावर सांडला. साहेब हसले, मग खोलीतले सगळेच हसले. बटणवाले उठले, कप टेबलावर ठेवला आणि निघून गेले. त्यांचं म्हणणं राहूनच गेलं.

मित्रांनो, आलेल्याला बसू देणं हा खुर्चीचा धर्म. माझ्याकडून तो पाळला जात नव्हता. एका तरी माणसाने माझ्यावर नीट टेकावं आणि आपलं म्हणणं शेवटपर्यंत सांगावं, एवढंच माझं मागणं होतं.

ते साहेब बदलून गेले. त्यांच्या जागी नवा अधिकारी येणार होता. त्या सकाळी कचेरी उघडायच्या आधीच एक तरुण बाई दारात आली. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी. आमच्या कचेरीतल्या शिपायाला सगळे नाना म्हणत. नाना हातात फडकं घेऊन बाहेर आले.

"साहेब यायचेत अजून," नाना म्हणाले. "आज नवीन येतायत. कसे आहेत कोण जाणे. बसा तुम्ही त्या खुर्चीवर."

ती बसली. सरकली. मागे रेटली, पुन्हा सरकली. नाना टेबल पुसता पुसता धीर देत होते, "घाबरू नका. काय असेल ते खरं सांगा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका."

"बरं," ती म्हणाली.

"आणि लवकर आटपा. नवीन साहेब तापट निघाले तर?"

"नाही निघणार. मीच आहे ती."

नानांच्या हातातलं फडकं खाली पडलं. ते गडबडीने म्हणाले, "अहो मॅडम, मग तिकडे बसा ना. ही तुमची जागा नव्हे."

"बसते. पण नाना, ही खुर्ची माणसाला ढकलते का हो?"

नानांनी सगळं सांगितलं. तिने माझ्या हातांवर हात ठेवले आणि म्हणाली, "सुताराला बोलवा."

सुतार आला. मला पाहून त्याला आपली लेक माहेरी आल्यासारखं वाटलं असावं. गुडघ्यांवर बसून त्याने माझे पाय चाचपले. "कापताना माझा जीव तुटला होता, बाई," तो म्हणाला. "आता जोडतो. रंग मात्र जुळायचा नाही."

"नाही जुळला तरी चालेल. दिसला की आठवण राहील."

असे मला हे ठोकळे मिळाले. मी पुन्हा धड उभी राहिले. आणि दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी एक नेम धरला. रोज सकाळी आल्यावर आधी माझ्यावर बसायचं. एक प्रार्थना मनात म्हणायला लागतो तेवढाच वेळ, डोळे मिटून. मग समोरचं टेबल एकदा नीट बघून पलीकडे, आपल्या जागी जायचं. नानांना पहिल्यांदा वाटलं बाईंना चक्कर आली. ते पाणी घेऊन धावले. मॅडम हसून म्हणाल्या, "आमची आई सांगायची, नेम लहान धर, पण मोडू नको. मला रोज इथून एकदा ते टेबल बघायचंय. इथून फार मोठं दिसतं हो."

त्यांचा दुसरा नियम असा की, उभ्या माणसाचं म्हणणं ऐकायचं नाही. आधी बसा, मग बोला. किराणा दुकानदार आला, छपाईवाला आला, वहिनीला पत्ता लागू न देता तिच्याच नावावर धंदा करणारा एक दीर आला. ज्याचं चुकलं त्याच्याकडून मॅडम कर पुरता भरून घेत, त्यात एक छदामही सोडत नसत. पण चुकलेला माणूससुद्धा उठताना माझा हात धरून सावकाश उठे. माझं मागणं देवाने ऐकलं होतं. ते दिवस आठवले की अजून माझं लाकूड ऊबदार होतं.

मग त्यांची बढती झाली आणि बदली झाली. मी सरकारी सामान, मी कुठे जाणार? जाताना त्यांनी मला स्वतः ओल्या फडक्याने पुसलं. त्यांच्यानंतर आलेल्यांनी गादीच्या खुर्च्या मागवल्या आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर फायली चढल्या, मग हेल्मेटं, मग भिंती रंगवणाऱ्यांनी रंगाची बादली ठेवली. तिचा एक पांढरा ओघळ अजून माझ्या उजव्या हातावर आहे. शेवटी जुन्या सामानाच्या खोलीत मी भिंतीकडे तोंड करून पडले. बाकी कुणी विचारत नसे. नाना मात्र अधूनमधून येऊन धूळ झटकत आणि म्हणत, "थांब जरा. दिवस फिरतात."

मित्रांनो, खरंच फिरले. कित्येक वर्षांनी खोलीचं दार उघडलं आणि निवृत्तीला टेकलेले नाना धापा टाकत म्हणाले, "चल गं. तुला वरून बोलावणं आलंय."

मॅडम परत आल्या होत्या. आता त्या सगळ्या कचेरीच्या मुख्य, आयुक्त. केस पांढरे झाले होते, चष्मा आला होता. त्यांच्या दालनात गालिचा होता, मऊ सोफे होते. त्यांचे उपायुक्त हुशार आणि कडक इस्त्रीचे. मला पाहून त्यांनी नाक मुरडलं. "मॅडम, ही इथे शोभत नाही."

"मीही पहिल्या दिवशी शोभले नव्हते. विचारा नानांना."

नाना लाजून छताकडे बघू लागले. दुसऱ्या सकाळी मॅडम येऊन माझ्यावर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. नेम सुटला नव्हता. मधल्या वर्षांत, मला नंतर कळलं, त्या जिथे गेल्या तिथल्या समोरच्या खुर्चीवर बसत आल्या होत्या.

आता तो दिवस सांगते. वर्षअखेर होती. वसुलीचं उद्दिष्ट पुरं व्हायला थोडंच कमी पडत होतं आणि वरून रोज विचारणा होत होती. टेबलावर एका कारखान्याला टाळं ठोकण्याचा आदेश तयार होता. फक्त मॅडमची सही बाकी होती. त्या म्हणाल्या, "मालकाला एकदा ऐकून घेऊ."

मालक आले. पाठ वाकलेली, हातात काठी. मी त्यांना लगेच ओळखलं. ते बटणवाले होते. आता सगळे त्यांना आजोबा म्हणण्याच्या वयाचे झालेले.

"बसा," मॅडम म्हणाल्या.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले. "मी उभाच बरा."

"उभ्या माणसाचं मी ऐकत नाही, आजोबा. तसा माझा नियम आहे."

"आणि या खुर्चीवर बसायचं नाही, असा माझा आहे. एकदा बसलोय. चहा अंगावर घेऊन घरी गेलो. बायकोने डाग धुतला, पण मनातला काही गेला नाही."

"आता तिचे पाय नीट केलेत."

"तुम्ही म्हणता म्हणजे केले असतील. पण माझं मन नाही होत."

उपायुक्त घड्याळाकडे बघत म्हणाले, "मॅडम, संधी दिली होती. ते घेत नाहीत. सही झाली की आपण मोकळे."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलेलं होतं. माझा जीव टांगणीला लागला. माझ्यामुळे एकदा या माणसाचं म्हणणं राहिलं होतं. आता पुन्हा राहिलं तर कारखान्याला टाळं लागणार होतं आणि तिथे राबणाऱ्यांच्या घरी चूल थंडावणार होती.

मॅडमनी टोपण परत लावलं. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि माझ्यावर बसल्या. मग उंच पाठीच्या खुर्चीकडे बोट दाखवून आजोबांना म्हणाल्या, "मग तुम्ही तिकडे बसा."

उपायुक्त पुढे धावले. "मॅडम, ती तुमची खुर्ची आहे."

"सरकारची आहे. मी नुसती बसते तिच्यावर. बसा हो आजोबा. ती गोल फिरते, तेवढी सांभाळा."

आजोबा बिचकत बसले. खुर्ची अर्धी फिरली आणि त्यांचं तोंड खिडकीकडे झालं. नानांनी जाऊन त्यांना सरळ केलं. हसू सगळ्यांनाच आलं होतं, पण या वेळी आधी आजोबा हसले.

"आता वाचा," मॅडम उपायुक्तांना म्हणाल्या.

त्यांनी आदेश वाचला. अन्वये, उपरोक्त, दडवलेली उलाढाल, असे जड शब्द घरंगळत आले. मॅडमनी मान हलवली. "इथे बसलं की यातलं काही कळत नाही. साधं सांगा."

उपायुक्तांनी कागद खाली ठेवला. "कारखान्यात आठ यंत्रं आहेत. विक्री दाखवलीय तीन यंत्रांची. म्हणजे पाच यंत्रांचा माल चोरून विकला."

"आठ आहेत, खरंय," आजोबा म्हणाले. "पण त्यातली पाच मेलीत. या यंत्राचे सुटे भाग आता बाजारात मिळत नाहीत. मेलेल्यांचे काढून जिवंतांना बसवतो, तेव्हा तीन चालतात. तुमच्याकडे मेलेल्यांनाही कर असतो का, बाई?"

दाराशी उभ्या असलेल्या निरीक्षकाला मॅडमनी आत बोलावलं. "तुम्ही यंत्रं पाहिलीत तेव्हा किती चालू होती?"

तो चाचरला. "एकही नाही, मॅडम. जेवणाची सुट्टी होती. कामगारांचा खोळंबा नको म्हणून मुद्दाम त्याच वेळी गेलो. सगळी पुसून ओळीत उभी होती."

"हेतू चांगला होता. पण बंद यंत्रं सगळी सारखीच दिसतात. आता जा आणि ती चालताना बघून या."

तो बघून आला. तीनच चालत होती. बाकीच्यांना झाकणाच्या आत पोटच नव्हतं. मॅडमनी आदेश रद्द केला. उद्दिष्ट तेवढ्याने हुकलं आणि वरून फोन आला. त्या शांतपणे म्हणाल्या, "हो, कमी पडलं. बाकी नीट आहे." आजोबांनी तीन यंत्रांचा कर मात्र उशिरा भरला होता. त्यावरचा दंड मॅडमनी सोडला नाही. आजोबा म्हणाले, "तो द्यायलाच हवा. ते माझं चुकलंय."

जाताना ते माझ्यापाशी थांबले. काठीने माझे ठोकळे हलकेच ठोकून पाहिले. "बसून बघू का एकदा?"

ते बसले. आधी काठावर, मग थोडे मागे, मग पुरते टेकून. नानांनी न सांगता चहा आणून हाती दिला. आजोबा तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. "नाही सरकत," ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसत राहिले. मित्रांनो, त्या दिवशी मी पुन्हा जन्मले.

मग मॅडमच्या निवृत्तीचा दिवस आला. न्यायला त्यांची लेक आली होती. ती मला निरखून म्हणाली, "आई, घरी हिच्याबद्दलच बोलतेस ना तू? मला वाटायचं काहीतरी भारी असेल."

"बसून बघ, मग बोल."

ती बसली आणि समोरच्या टेबलाकडे मान उंचावून बघत राहिली. मॅडमनी जाताना मला पुन्हा ओल्या फडक्याने पुसलं. काही मागून नेलं नाही, कुणाला काही बजावलं नाही.

आता आयुक्त झाले होते ते कडक इस्त्रीचे उपायुक्त. त्याच आठवड्यात सामानाची तपासणी होऊन माझ्या पाठीला खडूने फुली मारली गेली होती. फुली म्हणजे भंगार. मी मनाची तयारी केली. माझं काही वाईट झालं नव्हतं. कापलेले पाय परत मिळालेल्या खुर्च्या जगात किती असतील?

पहिल्या सकाळी नवे साहेब आले. दार लोटून घेतलं. उंच खुर्चीपर्यंत गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि थांबले. मग इकडेतिकडे बघून, कुणी नाही याची खात्री करून, ते अलीकडे आले आणि माझ्यावर बसले. त्यांना डोळे मिटायची सवय नव्हती, एक डोळा दाराकडेच होता. पण बसले. उठताना खिशातून रुमाल काढला आणि माझ्या पाठीवरची फुली पुसून टाकली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या मोठ्या टेबलामागे बसेल. जरूर बसा, तुमचं भलं होवो. फक्त बसायच्या आधी एकदा अलीकडच्या खुर्चीवर टेकून बघा. तिचे पाय डगमगत असतील तर आधी सुताराला बोलवा. आणि तिला अधूनमधून ओलं फडकं फिरवा. आम्हाला तेवढं पुरतं.