विचारलं तेव्हा न नेलेली फाइल

मित्रांनो, मी दवाखान्याच्या कागदांची जुनी फाइल आहे. माझा पुठ्ठा निळा होता. आता तो कडेने फुगला आहे.

मला एका आईने आणलं. तिची लेक पाच वर्षांची असताना तापात दोनदा झटके येऊन पडली होती. आईने प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक तपासणी तारखेप्रमाणे माझ्यात लावली. डॉक्टर म्हणायचे, "बाई, आमच्या कारकुनाला तुमच्याकडे शिकायला पाठवतो." मला फार बरं वाटायचं. दोन वर्षांनी त्यांनी शेवटचं पान लिहिलं : झटके तापामुळे आले होते, मेंदूचा आजार नाही, औषधं बंद. त्या दिवशी आई मला छातीशी धरून रडली.

मुलगी मोठी झाली. तिला सैन्यात जायचं होतं. त्यासाठी ती तीन वर्षं रोज पहाटे धावली. भरतीच्या फॉर्मवर प्रश्न होता : पूर्वी कधी झटके आले होते का?

आईने मला टेबलावर ठेवलं. "खरं लिही बाळा. ही सोबत ने."

"ने ने, वाजतगाजत ने!" वडील म्हणाले. "अगं, हे बघून कोण घेईल हिला? 'नाही' लिही. कोणाला कळतंय?"

"अहो, पण शेवटचं पान..."

"तिथपर्यंत वाचायला कोणाला वेळ आहे?"

मुलीने 'नाही' लिहिलं. वडिलांनी मला माळ्यावर फेकलं. त्यानंतर आई अंथरुणाला खिळली. शेवटच्या दुखण्यात तिने दोनदा विचारलं, "तिने फाइल नेली ना?" दोन्ही वेळा वडील म्हणाले, "नेली गं." मी त्यांच्या डोक्यावरच, माळ्यावर होते. आई गेली.

मुलीची निवड झाली. वडिलांनी गल्लीभर सांगितलं. मग भरती कार्यालयाने शाळेतून तिची कागदपत्रं मागवली. त्यात एक चिठ्ठी निघाली : 'मुलीला झटके येतात, पोहायला नेऊ नये.' खाली वडिलांचीच सही. मला लपवताना ते शाळा विसरले होते.

आता वडील मला आणि मुलीला घेऊन भरती कार्यालयात धावत गेले. तिथल्या डॉक्टरांनी मला शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

"हे आधी दाखवलं असतं, तर आणखी तपासण्या करून मी कदाचित हिला पास केलं असतं," ते म्हणाले. "आता प्रश्न आजाराचा राहिला नाही. खोटं लिहिलंय हिने."

मुलीचं नाव यादीतून काढलं.

परतताना बसमध्ये ती मला मांडीवर घेऊन बसली होती. शेवटचं पान उघडून म्हणाली, "बाबा, आईला काय सांगितलं होतंत तुम्ही?"

वडील बाहीने माझ्यावरची माळ्याची धूळ पुसू लागले.

मित्रांनो, आता मी कपाटात वरच्या खणात असते. वडील दर रविवारी माझी धूळ पुसतात. मुलगी त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी फाइल असेल. ज्या दिवशी विचारतील, त्या दिवशी तिला घेऊन जा. नंतर कितीही पुसलं तरी काय उपयोग?